मंगळावर उतरलेली कंदिलाची काच

माझा धाकटा भाऊ यशवंत माझ्याकडे येऊन परत गेला की घरी पोचल्यावर फोन करायचा. एकच शब्द बोलायचा, "पोचलो." तिगावहून सौंसर म्हणजे काही विलायत नाही. पांढुर्ण्यापर्यंत ऑटो, तिथून बस, दोन्ही बाजूला संत्र्याच्या बागा बघत बघत माणूस घरी. पण त्याचा नेम म्हणजे नेम. घराघरात फोन नव्हते तेव्हा परतीच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप द्यायचा, अन् तो कंडक्टर बिचारा पांढुर्ण्याच्या पानठेल्यावर सांगून ठेवायचा की तिगावच्या पंचफुलाबाईचा भाऊ पोचला म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो निरोप माझ्यापर्यंत यायचा. तोवर भाऊ पोचून, जेवून, दहा मोटरी दुरुस्त करून मोकळा झालेला असायचा.

त्या दिवशी सकाळी तो माझ्याकडून निघाला. थैलीत मी वीस-पंचवीस संत्री टाकली, तो नको नको म्हणाला अन् घेऊन गेला. दुपार कलली तरी फोन नाही. मी मनात रागावून बसले होते. म्हटलं, येऊ दे याचा फोन, चांगली कानउघाडणी करते. फोन वाजला तेव्हा नाव त्याच्या बायकोचं होतं, वंदनाचं. मी तिला बोलूच दिलं नाही. "पोचला ना तो?" म्हणून विचारलं. ती म्हणाली, "पोचले बाई... दुकान उघडलं... खुर्चीवर बसले..." आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, तीही मला बाईच म्हणते. खुर्चीवर बसल्या बसल्याच गेला तो. संत्र्यांची थैली पायाशी तशीच होती. मी रागावून बसले होते तेव्हा त्याला जाऊन दीड तास झाला होता...

आता नवल सांगते. ही गोष्ट त्यानंच मला शिकवून ठेवली होती. "बाई, आपल्याले कळते ना, तेव्हा ते होऊन गेलेलं असते." हे तो मरणाबद्दल बोलत नव्हता. मंगळ ग्रहावर गाडी कशी उतरवतात, त्याबद्दल बोलत होता. अन् मला तुम्हाला तेच सांगायचं आहे. रडायचं ते मी तीन आठवडे रडून घेतलं. आता त्याच्या गाडीची गोष्ट सांगते, कारण ती सांगताना मला अजूनही बसवत नाही, उठून उभं राहावंसं वाटतं.

आधी आमचं थोडं. वडील लवकर गेले. माय दुसऱ्यांच्या बागेत संत्रा तोडायला जायची, मी नऊ वर्षांची असल्यापासून तिच्यासोबत. शाळा माझी सुटली. पण तोडलेली संत्री पेटीत भरताना खाली-वर रद्दीचे कागद लावावे लागायचे, त्या कागदांवरून मी अक्षरं जुळवत वाचायला शिकले. म्हणून मला अर्ध्या बातम्या माहीत असायच्या, कारण उरलेला अर्धा कागद दुसऱ्या पेटीत गेलेला असायचा. यशवंतला मात्र मायनं शिकवलं. संध्याकाळ झाली की ती कंदिलाची काच राखेनं घासायची, फडक्यानं पुसायची, अन् उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायची. त्या उजेडात तो मॅट्रिक झाला. पुढं मोटर बांधायचं काम शिकला अन् सौंसरच्या बसस्टँडजवळ दुकान टाकलं. पंपाची मोटर जळली की शेतकरी त्याच्याकडेच यायचे. नुसत्या वासावरून सांगायचा, कुठली तार गेली ते. माय गेल्यावर कंदिलाचा सांगाडा गंजून गेला, काच तेवढी माझ्याजवळ राहिली. मायच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मी ती माझ्या कपड्यांच्या पेटीत ठेवली होती.

तर मंगळ. फेब्रुवारी महिना, मृग बहाराच्या संत्र्याचा तोडा सुरू होता, अन् हा सकाळच्या पहिल्या बसनं माझ्या दारात. चहा नको म्हणाला, तेव्हाच मी समजले की काहीतरी विशेष आहे. मोबाईल माझ्या नाकाशी धरला. "बाई, हे पाह्य. अमेरिकेची गाडी मंगळावर उतरली. सहा चाकाची. माणूस नाही आत, कोणी नाही." मी म्हटलं, "मग चालवते कोण?" "तीच चालवते. तेच तर सांगून राहिलो."

मग त्यानं ओसरीत बसून जे सांगितलं ते मी कामावर जायचं विसरून ऐकलं. गाडी बंदुकीच्या गोळीहून जास्त वेगानं त्या ग्रहाच्या हवेत शिरते. तापून लाल होते, म्हणून खाली ढाल लावलेली असते. मग छत्री उघडते, पण तिथली हवा इतकी विरळ की नुसत्या छत्रीनं वेग पुरता मरत नाही. मग अग्निबाणावर तरंगणारा एक पाळणा, अन् त्या पाळण्यातून दोऱ्यांनी गाडी खाली. हे सगळं सात मिनिटांत. अन् तिथून इथवर निरोप यायला लागतात दहा-अकरा मिनिटं. म्हणजे गाडी तिथल्या हवेत शिरली हा निरोप पोचतो तेव्हा ती एक तर उतरून उभी असते, नाही तर तिचे तुकडे झालेले असतात. मधल्या वेळात कोणाला काही करता येत नाही. "इतके शिकलेले लोक, बाई, हात बांधून खुर्चीत बसून राहतात. जे सांगायचं ते तिले निघायच्या आधी सांगून ठेवा लागते." त्याचे डोळे असे झाले होते जसे मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा झाले होते. मग म्हणाला, "मी उतरवतो." मी विचारलं, "काय?" "गाडी." "कुठं?" "बोरगावले."

बोरगाव सौंसरजवळच. तिथल्या दिनकररावांच्या बागेच्या बांधावर चिंचेचं उंचच उंच झाड आहे, अन् त्यांच्या सगळ्या मोटरी यशवंतच्या हातच्या. त्यांनी परवानगी दिली, तोंडही सोडलं. "यशवंता, मंगळवारी उतरव म्हणजे मुहूर्त साधते." पण स्वतः खाट टाकून बघायला बसले. गाडी त्यानं भंगारातून केली होती. फवारणी पंपाची बॅटरी, जुन्या खेळण्यांच्या मोटरी, सहा चाकं, वर पत्र्याचा डबा. डब्यात एक अंडं. "आत नाजूक सामान असते," म्हणाला. नियम असा, की गाडी सोडली की सगळ्यांनी चुन्याच्या रेषेमागं जायचं. हात लावायचा नाही, ओरडून सांगायचं नाही. गाडीनं उतरायचं, चाकांवर उभं राहायचं, चार हात चालून दाखवायचं अन् अंडं साबूत पाहिजे.

पहिल्यांदा छत्री केली, वंदनाच्या जुन्या साडीची. गाडी अलगद उतरली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, अन् हा नाराज. म्हणे ही तर आपल्या जाड हवेत उतरली, मंगळाची हवा कुठं अशी आहे? मग त्यानं स्वतःच छत्रीला भोकं पाडली. वंदना म्हणाली, "साडी परत द्या नाही तर छत्री करा, पण चाळणी नका करू." भोकाची छत्री घेऊन गाडी जी आली ती दणकन. अंड्याचं आमलेट. दिनकरराव म्हणाले, "कांदा आणू का?"

मग आला कापूस. ही चूक आमच्याच भागातला माणूस करू शकतो. त्याचं म्हणणं असं, की त्या लोकांच्या घरी कापूस पिकत नाही म्हणून त्यांना दोऱ्या अन् पाळणे लागले. आपल्याकडे घराघरात कापूस पडला आहे. मी म्हटलंही, कापूस इतक्या दूर नेतील कसा? तर म्हणे, आधीच्या हलक्या गाड्या हवेच्या फुग्यात गुंडाळून टाकल्याच होत्या, मग कापसात काय वाईट? बोंडातून ताजा वेचलेला कापूस, सरकीसकट, गाडीभोवती चारी अंगानं बांधला. वरून टाकली. एकदा उसळली, दोनदा उसळली, थांबली. डबा उघडला, अंडं साबूत. यशवंतनं माझ्याकडे असं पाहिलं... मग चाकं सुरू झाली. घर्र... घर्र... अन् बंद. सहाच्या सहा चाकांनी कापूस ओढून घेतला होता, चरख्यासारखा. धागा वळला जवळजवळ. दिनकरराव खाटेवरून म्हणाले, "अरे, तू मंगळावर गाडी धाडली का गादी?" ते बोलणं संध्याकाळपर्यंत सौंसरच्या बसस्टँडवर पोचलं. मोटर घेऊन येणारे लोक त्याला विचारायचे, मिस्त्री, दुहेरी गादीचा काय भाव? हा हसायचा. पण पुढं दीड वर्ष गाडी कपाटावर पडून राहिली, अन् मला माहीत आहे हसणारा माणूस किती हसत होता ते. त्याच सुमारास त्याच्या छातीत दुखून गेलं, डॉक्टरनं गोळ्या दिल्या अन् शिडी चढायची बंद केली.

एक दिवस मी दुकानात बसले होते. गाडी खाली घेतली, चाकातला कापूस बोटानं काढायला लागले. काही केल्या सगळा निघेना. मी विचारलं, "त्या लोकांची गाडी पाळण्यातून कशी सोडली ते पुन्हा दाखव." त्यानं मोबाईल काढला. मागच्या वेळी मी नुसतं बघितलं होतं. या वेळी हातांनी बघितलं असं म्हणा. मी म्हटलं, "यशवंता, हे तर आमी रोज करतो. हे पाटी सोडणं आहे."

ज्यांनी संत्रा तोडला नाही त्यांच्यासाठी सांगते. संत्र वरून टाकलं की मार लागतो. दिसत नाही, पण दोन दिवसांनी तिथंच सडतं. म्हणून आम्ही उंच फांदीवरून भरलेली पाटी दोरीनं खाली सोडायचो. सगळी खुबी शेवटच्या क्षणाला असते. पाटी टेकली की फांदीवरचा भार जातो, वाकलेली फांदी झटक्यानं वर उठते, अन् दोरी अडकून असली तर पाटी उलटी. म्हणून माय बाभळीच्या वाकड्या लाकडाची आकडी करायची. भार असेतो ती पाटी धरून ठेवते. पाटी टेकली, दोरी ढिली झाली की आकडी आपल्या आपण गळून पडते. धरायचं कधी अन् सोडायचं कधी हे तिला सांगावं लागत नाही.

त्यानं मोबाईल खिशात टाकला. मग त्यानं दुकानाचं शटर दिवसाढवळ्या खाली ओढलं अन् म्हणाला, "बाई, चाल. बाभूळ कुठं आहे?"

ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे. मी तीन आकड्या घडवल्या, विळ्यानं, अगदी मायसारख्या. त्यानं पाळणा केला. चिंचेच्या फांदीला विहिरीवर असतं तसं चाक, चाकावरून दोर. एका टोकाला पाळणा अन् त्याखाली तीन दोऱ्यांवर गाडी, दुसऱ्या टोकाला रेतीचं पोतं. पोतं जरासं हलकं, म्हणून गाडी हळूहळू खाली येणार. गाडी टेकली, आकड्या सुटल्या, की पाळणा एकटा राहून हलका होणार अन् पोत्याच्या वजनानं आपोआप वर निघून जाणार. तिकडं पाळणा उडून जातो, तसाच. अन् गाडीच्या चाकांसाठी त्यानं लाईट आली की थोड्या वेळानं आपोआप पंप सुरू करणारी डबी असते ना, तीच गाडीत बसवली. सोडताना बटन दाबायचं, तीन मिनिटांनी चाकं फिरणार. फांदीला चाक बांधायला त्याला चढायची मनाई, म्हणून सत्तरीला टेकलेली मी शिडी चढले. दिनकरराव खाटेवरून उठून शिडी धरून उभे राहिले. म्हणाले, "पंचफुलाबाई, तुम्ही पडल्या तर मले तुरुंगात टाकतील." मी म्हटलं, "पडली तर तुमच्याच अंगावर पडीन, तुमी सुटाल."

अन् मग, गाडी सोडायच्या आदल्या दिवशी, त्यानं काच मागितली.

"मायची काच दे, बाई. डब्यात ठेवतो." मी म्हटलं, "वेडा झाला का? अंडं ठेव." तो म्हणाला, "अंडं फुटलं तर दुसरं मिळते. म्हणून माह्या हातून हलगर्जी होते. त्या लोकायजवळ एकच गाडी असते, दुसरी नसते. एकच नग असला की हात नीट चालते." मी नाही म्हणाले. तो जेवला अन् गेला. पोचल्याचा फोन केला, तेव्हाही काचेचं नाव काढलं नाही. मी पेटी उघडून बसले. काच काढली, उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला. एका बाजूला मायच्या हातचा, राखेनं पडलेला बारीक चरा आहे, तो दिसला... त्या काचेचा मी पेटीत ठेवून काय उपयोग केला होता? सकाळी लुगड्याच्या तुकड्यासकट घेऊन गेले.

चांगलं ऊन होतं, वारा नव्हता. बागेत तोड्याला आलेल्या बायाही जमल्या. त्यानं काच डब्यात ठेवली, बटन दाबलं, अटकवलेला दोर सोडला अन् आम्ही दोघं रेषेमागं आलो. पाळणा हलला. खाली येऊ लागला, सावकाश, जसा पोराला झोपवतात तसा. एका बाईनं शेजारणीला विचारलं, "आत काय आहे?" "पंचफुलाची माय आहे," शेजारीण म्हणाली. गाडी टेकली. एक आकडी गळाली. दुसरी गळाली. अन् तिसरी... तिसरी नाही गळाली. मागच्या चाकाखाली मातीचं ढेकूळ आलं होतं, गाडी तिरपी झाली, एका अंगाचा भार अजून दोरीवरच. वर पाळणा उठायला बघत होता, गाडीचा एक कोपरा उचलला जात होता. डब्यातून काच सरकल्याचा आवाज आला. मी तो आवाज ओळखते. माय घासून खाली ठेवायची तेव्हाचा आवाज.

मी पाऊल टाकलं. यशवंतनं माझं मनगट धरलं. "हात नाही, बाई." मी म्हटलं, "फुटते रे ते." तो म्हणाला, "तिथं कोणी नसते." त्यानं मनगट सोडलं नाही. अन् मीही हिसकलं नाही. दिनकरराव सुद्धा खाटेवरून उठून उभे. अशी गाडी लोंबकळून उभी, अर्धी जमिनीवर अर्धी आभाळात, अन् आम्ही पंधरा-वीस माणसं चुन्याच्या रेषेमागं. किती वेळ गेला... मला विचाराल तर एक हंगाम गेला.

मग चाकं फिरली. तीन मिनिटं झाली होती. टेकलेल्या चाकांनी माती धरली, गाडी बोटभर पुढं सरली, मग आणखी बोटभर. ढेकळावरून उतरली. दोरी ढिली पडली, अन् मायच्या पद्धतीची ती आकडी, कोणी न सांगता, गळून पडली. पाळणा सरसर वर निघून गेला. गाडी आपल्या सहा चाकांवर उभी राहिली अन् चालायला लागली. चार हात म्हटलं होतं, ती दहा हात चालली, संत्र्याच्या झाडाला धडकून थांबली. यशवंत जाऊन पाहीना, माझंही धाडस होईना. दिनकरराव गेले, डबा उघडला, बराच वेळ वाकून बघितलं. म्हणाले, "साबूत आहे, पंचफुलाबाई. तडा नाही." मग यशवंतकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, ती गादीची गोष्ट मी परत घेतो." अन् माझा भाऊ, दुकानात मोटरींशी बोलणारा, साठी गाठलेला माणूस, मातीत मांडी घालून बसला अन् हसायलाच लागला. मी किती वर्षांनी त्याचं ते हसू ऐकलं.

मी काच काढायला गेले तर मला अडवलं. "नाही. गेलेलं सामान परत येत नसते. गाडी तिथंच राहते." मी म्हटलं, "तुहा मंगळ बोरगावात आहे. मी बसनं येऊन घेऊन जाईन." तो म्हणाला, "ये मग. चहा पाजतो." तेव्हापासून गाडी त्याच्या दुकानात, डबा बंद, काच आत. त्याच वर्षी आपलं यान चंद्रावर उतरलं तेव्हा सौंसरच्या लोकांनी दुकानासमोर गर्दी केली, त्यानं टीव्ही बाहेर ठेवला. सगळे पडद्याकडे बघत होते, तो डोळे मिटून दोऱ्या मोजत असावा. उतरल्यावर मला फोन केला. मला वाटलं मोठं काही बोलेल. म्हणाला, "पोचलं, बाई."

तो गेल्यावर परवा मी पहिल्यांदा दुकानात गेले. वंदनानं खुर्ची भिंतीला लावून ठेवली आहे. गाडी फळीवर होती, धूळ पुसलेली. ती म्हणाली, "बाई, तुमची काच न्या आता. मायची आहे." मी गाडी खाली घेतली, मांडीवर ठेवली. पुढच्या डाव्या चाकाच्या आसाला कापसाचा धागा अजून वळलेला आहे, तो काही शेवटपर्यंत निघाला नाही. डब्यावर हात ठेवला... अन् मग गाडी तशीच परत फळीवर ठेवली. वंदनाला म्हटलं, राहू दे, ती पोचलेली आहे. वंदनानं चहा केला, दोघींनी प्यायला. निघताना ती बसपर्यंत आली, खिडकीखाली उभी राहिली. बस सुटली तेव्हा पोचल्यावर फोन करा असं काही तिनं सांगितलं नाही, मीही म्हटलं नाही.

घरी आले, कुलूप काढलं, पाय धुतले. मग आठवलं. बस सुटायची वेळ झाली की होते तशी घाई झाली मला. फोन शोधला, चष्मा सापडेना, अंदाजानं बटन दाबलं. पलीकडे एकाच रिंगमध्ये उचलला.

"पोचली," मी म्हटलं.

वंदना म्हणाली, "बरं झालं, बाई. फोन हातातच घेऊन बसली होती."